रेग्युलेटर थंड पाण्यात का गोठतो : पार्श्वभूमी

तारकर्लीच्या कोमट पाण्यात डायव्हिंग शिकलेल्या माणसाला रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधल्या हवेचा दाब श्वासाजोगा कमी करणारं यंत्र, गोठतो हे सांगूनही पटकन पटत नाही. आइसलंडच्या सिल्फ्रा भेगेत मात्र पाणी बाराही महिने २ ते ४ अंश सेल्सियस असतं. तिथे जाण्याआधी या यंत्राचा इतिहास माहीत असावा, कारण आजचं प्रत्येक ‘कोल्ड वॉटर’ मॉडेल एका जुन्या अडचणीवरचा उतारा आहे.

१९४३ मध्ये फ्रान्समध्ये एमिल गान्यां आणि जाक-ईव कूस्तो यांनी ॲक्वालंग हा रेग्युलेटर तयार केला. युद्धात पेट्रोलची टंचाई होती, म्हणून गान्यांनी गॅसवर चालणाऱ्या मोटारींसाठी व्हॉल्व्ह बनवला होता. तोच पुढे पाण्याखाली उपयोगी पडला. या रेग्युलेटरला दोन जाड नळ्या होत्या. सगळी यंत्रणा मानेमागे सिलिंडरवर, एका नळीतून श्वास आत, दुसरीतून बाहेर. उच्छ्वासाची दमट हवा व्हॉल्व्हपर्यंत पोचतच नसे. बर्फाचा विचार करून कोणी हे केलं नव्हतं, पण थंडीत त्याचा मोठा फायदा झाला.

१९५२ च्या सुमारास मेलबर्नच्या टेड एल्ड्रेडने एका नळीचा ‘पॉर्पस’ बाजारात आणला. ही रचना सुटसुटीत होती, म्हणून तीच जगभर रुळली. पण आता सेकंड स्टेज, म्हणजे दाब दुसऱ्यांदा उतरवणारा भाग, थेट तोंडाशी आली, आणि दमट उच्छ्वास तिच्यातूनच जाऊ लागला.

अडचण हवेच्या स्वभावात आहे. सिलिंडरमधली २०० बारची हवा सिलिंडरवर बसणाऱ्या फर्स्ट स्टेजमध्ये साधारण १० बारवर येते (बार हे दाबाचं माप), आणि दाब उतरला की ती खूप थंड होते. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगभोवती शिरलेलं पाणी गोठलं की व्हॉल्व्ह उघडाच अडकतो. मग हवा अखंड वाहते, जास्त वाहिली की आणखी गारठते, बर्फ वाढतो. या फ्री-फ्लोमध्ये सिलिंडर काही मिनिटांत रिकामा होऊ शकतो. गोडं पाणी शून्यालाच गोठतं, समुद्राचं उणे १.९ च्या आसपास. म्हणून गारठलेल्या तळ्यात धोका अधिक.

यावर फर्स्ट स्टेजमध्ये पाणी शिरूच न देण्याची युक्ती निघाली: स्प्रिंगच्या कप्प्यात सिलिकॉन ग्रीस किंवा तेल भरायचं, किंवा बाहेरून दुसरा डायफ्राम (लवचीक पडदा) लावून कप्पा कोरडा ठेवायचा. शेरवुड कंपनीने कप्प्यातून हवेची बारीक धार सतत सोडून पाणी बाहेर ठेवलं. विक्रेते सगळा भर या सीलबंद फर्स्ट स्टेजवर देतात. मला ते अर्धवट वाटतं. सेकंड स्टेजही तितकीच गोठते, आणि तिथे धातूचे भाग उपयोगी पडतात, कारण ते भोवतालच्या पाण्यातली ऊब आत ओढतात. हो, ४ अंशांचं पाणीसुद्धा त्या हवेपेक्षा उबदारच असतं.

अंटार्क्टिकातल्या मॅकमर्डो तळावर पाणी उणे १.८ अंश असतं. तिथले अमेरिकी शास्त्रज्ञ एक नळी सर्वत्र रुळल्यावरही कित्येक वर्षं दोन नळ्यांचा रॉयल ॲक्वा-मास्टर वापरत राहिले. नंतर एका नळीचे रेग्युलेटर आले, तेही एकाच सिलिंडरवर दोन स्वतंत्र व्हॉल्व्हना दोन लावून.

युरोपच्या ईएन २५० मानकात १० अंशांखालचं पाणी थंड मानतात आणि त्यासाठीची चाचणी ४ अंश किंवा त्याहून थंड पाण्यात होते. ही चाचणी पार केलेली नसेल तर तो रेग्युलेटर थंड पाण्यासाठी घेऊच नये. चाचणी पार केलेली असली तरी पाण्यात उतरण्याआधी, उघड्या गार हवेत, त्यातून श्वास घेऊन पाहणं किंवा पर्जचं (हवा जोरात सोडणारं) बटण दाबणं टाळावं. गोठायला तेवढंही पुरतं.