फ्रान्स ‘ती’, जपान ‘तो’

ऑगस्ट १९८४ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या अप्पर व्होल्टानं आपलं नाव बदलून बुर्किना फासो केलं आणि फ्रेंच भाषेत त्या देशाचं लिंगही बदललं. ‘ला ओत-व्होल्ता’ स्त्रीलिंगी होती, ‘ल बुर्किना फासो’ पुल्लिंगी. अशा बदलाचा परिणाम नुसत्या आर्टिकलवर, म्हणजे नामाआधीच्या ‘ल’ किंवा ‘ला’वर, थांबत नाही. स्त्रीलिंगी देशात राहत असाल तर ‘आँ’ म्हणायचं, पुल्लिंगी देशात ‘ओ’: ‘आँ फ्राँस’, पण ‘ओ जापों’. मराठीतही अमेरिका ‘ती’ आणि चीन ‘तो’ आहेच, पण आपलं ‘मध्ये’ दोघांना सारखंच लागतं.

वर्गात नियम सोपा करून सांगतात: स्पेलिंगच्या शेवटी ‘ई’ (e) हे रोमन अक्षर असेल तर देश स्त्रीलिंगी, नाहीतर पुल्लिंगी. बहुतेक ठिकाणी तो लागूही पडतो. पण का, हे सहसा कोणी सांगत नाही.

लॅटिनमध्ये गालिया, हिस्पानिया, इटालिया, जर्मानिया, इंडिया ही सगळी ‘आ’कारान्त स्त्रीलिंगी नावं होती. लॅटिनमधून फ्रेंच घडत गेली तसे शब्दांच्या शेवटचे बाकीचे स्वर बहुतेक गळून पडले. ‘आ’ तेवढा टिकला, पण झिजून पुसटसा ‘अ’ झाला आणि तो लिहायला ‘ई’ हे अक्षर वापरू लागले. पुढे उच्चारातून तो ‘अ’ही जवळजवळ गेला, अक्षर राहिलं. हिस्पानियाची ‘एस्पान्य’ झाली, इंडियाची ‘अँद’. तेव्हा ‘ई’मुळे देश स्त्रीलिंगी होतो हे म्हणणं उलटं आहे. तिथे कधीकाळी लॅटिन ‘आ’ होता, त्याचा तो माग आहे.

ही झीज होऊन गेल्यावर जी नावं फ्रेंचमध्ये आली, त्यांचा ‘आ’ शाबूत राहिला आणि फ्रेंच कानाला त्यात स्त्रीलिंग काही ऐकू येईना. म्हणून कॅनडा, पनामा, केनिया, घाना, अंगोला, रवांडा सगळे पुल्लिंगी. स्पॅनिश किंवा इटालियन येणारा माणूस फ्रेंच शिकताना इथे हमखास अडखळतो.

अपवाद मोजके आहेत. मेक्सिको, मोझांबिक, कंबोडिया यांच्या फ्रेंच स्पेलिंगच्या शेवटी ‘ई’ आहे, तरी ते पुल्लिंगी. झिम्बाब्वेला तर अपवाद म्हणणंही मला पटत नाही. तिथला ‘ए’ स्पष्ट उच्चारला जातो, म्हणजे ती झिजलेली खूण नव्हेच.

आता तो ‘ओ’. ‘आँ’ आणि पुल्लिंगी आर्टिकल ‘ल’ यांची जुन्या फ्रेंचमध्ये संधी होऊन ‘ऊ’सारखं रूप बनत असे. ते ‘आ’ (हाही ‘ला’, ‘मध्ये’ अशा अर्थाचा शब्द) अधिक ‘ल’ या जोडीच्या ‘ओ’मध्ये मिसळून गेलं आणि जपानच्या वाट्याला ‘ओ’ आला. इराण, इराक, अफगाणिस्तान हेही पुल्लिंगीच, पण स्वरानं सुरू होतात; तिथे आर्टिकलचा स्वर गळतो, संधी होत नाही आणि ‘आँ’ जसाच्या तसा राहतो. पर्शियाचं इराण झालं तेव्हा लिंग बदललं, पण ‘आँ’ कायम राहिला तो यामुळेच.

नाव बदलल्यावर उलटा प्रवासही होतो. सयाम पुल्लिंगी होता. थायलंड झाल्यावर फ्रेंचनं त्याला ‘ई’ जोडून फिनलंड, आयर्लंड, आइसलंडच्या स्त्रीलिंगी रांगेत बसवलं. ग्रीनलंडला मात्र तो ‘ई’ मिळाला नाही, आणि तो पुल्लिंगी राहिला.

क्युबा, माल्टा, मादागास्कर, सिंगापूर यांना आर्टिकलच लागत नाही. शहराच्या नावासारखं नुसतं ‘आ’ लावून काम भागतं. सगळ्या बेटांचं तसं नाही, आइसलंड आणि जपान समोरच आहेत. प्रांत आणि राज्यांनाही हाच हिशेब लागतो: कॅलिफोर्निया आणि फ्लोरिडा स्त्रीलिंगी, टेक्सास पुल्लिंगी. आपलं राज्य फ्रेंचमध्ये ‘ल महाराष्ट्र’, कॅनडासारखं शेवटी ‘आ’ असूनही पुल्लिंगी. गोवा मात्र क्युबाच्या पंगतीला: ‘आ गोआ’.