उस्तादांच्या कॉलेजचे साहेब

दर वर्षी १८ नोव्हेंबरला सोलापुरात लष्कर भागातल्या आमच्या आण्णांच्या घरी सात-आठ म्हातारे जमतात. लष्कर हे इथल्या वस्तीचंच नाव. इंग्रजी छावणीची आता तेवढीच खूण उरली आहे. जमणारे सगळे सॅपर, म्हणजे सैन्याच्या इंजिनिअर कोअरमधून निवृत्त झालेले. १८ नोव्हेंबर हा त्यांच्या कोअरचा दिवस. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खाऊन होते, चहा होतो आणि भिंतीवरच्या एका फोटोला हार घातला जातो. फोटोतला माणूस ना आमच्या नात्यातला, ना सोलापूरचा. पुण्याजवळच्या दापोडीला लष्करी इंजिनिअरिंगचं कॉलेज आहे, त्याचे ते एके काळचे कमांडंट. त्यांच्या घरच्यांना विचारलेलं नाही म्हणून नाव देत नाही. आण्णा तरी नाव कुठे घेतात? त्यांच्या तोंडी नुसतं ‘साहेब’.

हवालदार म्हणून निवृत्त होऊन घरी आलेला माणूस एका जनरलच्या फोटोला वर्षानुवर्षं हार घालतो, हे मला कॉलेजच्या वयात लाचारीचं वाटायचं. एकदा तसं बोलूनही गेलो. आण्णा चिडले नाहीत. म्हणाले, “अरे, ते मला उस्ताद म्हणायचे.” सैन्यात शिकवणाऱ्या हवालदार-नाईकाला उस्ताद म्हणतात, हे मला माहीत होतं. पण एवढ्यासाठी हार? तो शब्द किती लांबून आलाय, हे मात्र बऱ्याच वर्षांनी कळलं.

सुरुवात ‘सॅप’ या शब्दापासून करावी लागते. किल्ल्याच्या तटाकडे नागमोडी खणत नेलेला चर म्हणजे सॅप, आणि तो खणणारा तो सॅपर. चर नागमोडी अशासाठी, की सरळ खणला तर तटावरच्या तोफेचा गोळा आरपार जाईल. आमचा सोलापूरचा भुईकोट डोळ्यांपुढे आणा. एका बाजूला सिद्धेश्वराचा तलाव, उरलेल्या बाजूंना खंदक. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांचा सेनापती मन्रो याच्या फौजेनं तो घेतला. असा कोट घ्यायचा तर तोफा जवळ न्याव्या लागतात, आणि त्यांना वाट करून देणारी, खणण्या-बांधण्यात तरबेज माणसं लागतात. शूर शिपाई कुठेही मिळतो. भर माऱ्यात मोजमाप धरून खणणारा तयारच करावा लागतो.

हे इंग्रजांना फार महागात शिकावं लागलं. १८०३ मध्ये नगरचा किल्ला घेऊन पुढे असईला शिंद्यांशी लढलेला वेलस्ली नंतर वेलिंग्टन झाला आणि स्पेनमध्ये फ्रेंचांशी लढायला गेला. एप्रिल १८१२ मध्ये त्यानं बादाहोसचं शहर घेतलं, पण तटाला पडलेल्या खिंडारांत त्याची माणसं हजारोंनी पडली. वेढ्याचं काम जाणणारे सॅपर त्याच्याकडे जवळजवळ नव्हतेच. त्याच महिन्यात इंग्लंडात चॅटम इथे लष्करी इंजिनिअरांसाठी शिक्षणसंस्था काढायचा हुकूम निघाला, आणि तिच्यावर चार्ल्स पासली नावाचा अधिकारी नेमला गेला.

हा पासली तीन वर्षांपूर्वी हॉलंडमधल्या फ्लशिंगच्या वेढ्यात जबर जखमी झालेला. चॅटमला तो १८१२ ते १८४१, म्हणजे एकोणतीस वर्षं प्रमुख राहिला. बदल्यांवर बदल्या बघणाऱ्या आजच्या माणसाला हे खरंच वाटणार नाही. माणूस विलक्षण खटाटोपी. चुना-सिमेंट कसं धरतं याचे प्रयोग त्यानं स्वतः केले, आणि साठीला टेकला असताना समुद्रतळाशी रुतून बसलेलं रॉयल जॉर्ज हे बुडालेलं जहाज बारूद लावून फोडायला घेतलं. पण आपल्या कामाची गोष्ट वेगळी आहे. शिपायांना भूमिती शिकवायची तर प्राध्यापक आणून भागणार नाही, हे त्यानं ओळखलं. साध्या भाषेत त्यानं स्वतः पुस्तक लिहिलं, आणि आधी शिकलेल्या शिपायानं पुढच्याला शिकवायचं अशी रीत घातली. इंजिनिअरिंगचा उस्ताद इथे उभा राहिला.

गंमत अशी, की ही रीत त्यानं बेल आणि लँकेस्टर या दोन शिक्षकांच्या शाळांवरून घेतली होती. त्यातल्या अँड्र्यू बेलला ती मद्रासेत सापडली. तिथल्या गावठी शाळेत मुलं वाळूत बोटानं अक्षरं गिरवत बसलेली त्यानं पाहिली. इकडे धूळपाटीवर गिरवायची पद्धत होती, तसलंच काहीसं. आपल्या अनाथाश्रमातल्या शाळेत त्यानं ते उचललं आणि मोठ्या मुलांना धाकट्यांना शिकवायला बसवलं. पंतोजींच्या शाळेत वेगळं काय चालायचं? म्हणजे आण्णांचं उस्तादपण इथूनच निघालं, इंग्लंडला वळसा घालून परत आलं, असं म्हणायला हरकत नाही. निदान मला तसं म्हणायला आवडतं.

कंपनी सरकारचे इंजिनिअर अधिकारीही शिकायला चॅटमला जात. मग गंगेचा कालवा निघाला आणि त्यासाठी माणसं इथेच तयार करायची म्हणून १८४७ मध्ये रुडकीला इंजिनिअरिंग कॉलेज सुरू झालं. त्याचे पहिले प्राचार्य रॉबर्ट मॅकलॅगन हे बेंगॉल इंजिनिअर्सचे अधिकारी. त्या काळी सरकारी इंजिनिअर आणि लष्करी इंजिनिअर ही बहुधा एकच असामी. खडकवासल्याचं जुनं धरण ज्या फाईफनं बांधलं तोही रॉयल इंजिनिअर्सचाच. आमचा एकरुखचा तलाव, ज्याला सोलापूरकर हिप्परग्याचा तलाव म्हणतात, तो त्याच पिढीतला, १८७१ चा.

दापोडीच्या कॉलेजचा जन्म रुडकीचाच. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, तिथे मिलिटरी इंजिनिअरिंगची शाळा निघाली. फाळणीनंतर १९४८ मध्ये ती दापोडीला आली. १९५१ मध्ये तिचं कॉलेज झालं, कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंग, लोकांचं सीएमई. पाकिस्तानचं तसलंच कॉलेज रिसालपूरला आहे. एका चुलीची दोन घरं.

जागेलाही इतिहास आहे, आणि तो जरा टोचणारा. दापोडीला कॅप्टन फोर्डची पलटण असायची. पैसा पेशव्यांचा, कवायत इंग्रजी. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई उभी राहिली तेव्हा ही पलटण दापोडीहून निघाली आणि इंग्रजांना जाऊन मिळाली.

खडकीला बॉम्बे सॅपर्सचं केंद्र, नदीपलीकडे कॉलेज. मराठी मुलाच्या दृष्टीनं हे घरचंच अंगण. मूळचे कारवारकडचे राम राघोबा राणे १९४० मध्ये बॉम्बे सॅपर्समध्ये साधे शिपाई म्हणून भरती झाले आणि पुढे अधिकारी झाले. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावर सुरुंग काढत आणि अडथळे फोडत त्यांनी रणगाड्यांना वाट करून दिली, तीही जखमी अंगानं. परमवीरचक्र जिवंतपणी मिळालेले ते पहिले. त्याआधी १९४१ मध्ये याच बॉम्बे सॅपर्सच्या प्रेमिंद्रसिंग भगत यांनी अबिसीनियाच्या, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या, मोहिमेत चार दिवसांत पंचावन्न मैलांतली पंधरा सुरुंगक्षेत्रं साफ केली आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. ही दोन नावं आण्णांच्या घरी ज्ञानोबा-तुकोबांसारखी जोडीनं येतात. दोघांच्या गोष्टीत सांगण्यासारखी बाब एकच: पुढे जाऊन हात घालायचं काम त्यांनी दुसऱ्यावर टाकलं नाही.

सीएमईत आज बी.टेक. होतं, पदवी जेएनयूची मिळते. अणु-जैविक-रासायनिक हल्ल्यापासून बचावाचं शिक्षणही इथेच. ऑलिंपिकपर्यंत गेलेले दत्तू भोकनळ नाव वल्हवायला इथेच शिकले. तेही बॉम्बे सॅपर्सचेच, आणि चांदवड तालुक्यातल्या दुष्काळी गावचे. हे ऐकलं की आण्णांचे सोबती खूश होतात. सोलापूरकराला दुष्काळातून पाण्यापर्यंत पोचलेला माणूस जवळचा वाटणारच.

पण आण्णांचं सीएमई म्हणजे बेली पूल. सांगाडा पोलादी पॅनेलांचा. एकेक पॅनेल दहा फूट लांब, पाच फूट उंच, वजन अडीचशे किलोंच्या वर. क्रेन नाही. दांडे घालून सहा जणांनी उचलायचं, पुढच्या पॅनेलला भिडवायचं आणि भोकं जुळली की पिन ठोकायची. जुळली का, हे बोट घालून कधीच बघायचं नाही. हा पहिला धडा. दुसरा धडा उंचीचा: सहाही जण सारख्या उंचीचे हवेत, नाहीतर सगळा भार उंच माणसाच्या खांद्यावर येतो.

एका पावसाळ्यात तरुण अधिकाऱ्यांची तुकडी हे शिकत होती. उस्ताद आण्णा. चिखल झालेला. एका अधिकाऱ्याचा पाय मुरगळला आणि एका दांड्याला माणूस कमी पडला. छत्री धरून बघायला आलेल्यांत कमांडंट होते. त्यांनी छत्री बाजूला दिली आणि दांडा धरला. “माझ्याहून चार बोटं उंच,” आण्णा सांगतात. “म्हणजे वजन त्यांच्यावरच. मला ते दिसत होतं, पण बोलणार कोण?” मग साहेबांनीच वळून विचारलं, “उस्ताद, आगे क्या?”

आण्णांनी हुकूम दिला. एका हवालदारानं, भर पावसात, कॉलेजच्या प्रमुखाला. साहेबांनी पॅनेल भिडेपर्यंत दांडा सोडला नाही. संध्याकाळी आण्णांना बोलावणं आलं. आता उंचीवरून काही ऐकावं लागणार, या तयारीनं ते गेले. साहेबांनी एवढंच सांगितलं: “उंच माणूस दिसला तर दांड्यावरून काढायचा. मी असलो तरी.”

२०१७ मध्ये मुंबईत एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत तेवीस माणसं गेली. त्यानंतर तिथला नवा पादचारी पूल लष्कराच्या सॅपरांनी बांधला. टीव्हीवर ती बातमी चालू असताना म्हातारे पुलाकडे बघतच नव्हते. ते माणसांच्या खांद्यांची उंची मोजत होते.

परवा हार घालताना फोटोचा खिळा हलला. मी हातोडी आणली, खिळा ठोकला, फोटो लावला आणि मागे सरकून म्हणालो, “झाला सरळ.” आण्णा खुर्चीतून उठले नाहीत. नातवाला म्हणाले, “जा, पाणसळ आण.”