शबनम मौसींची जागा ओपन होती म्हणून

'देशातल्या पहिल्या तृतीयपंथी आमदार' म्हणून शबनम मौसींचं नाव बहुतेकांनी ऐकलेलं असतं, आणि नावापुढे १९९८ ते २००३ असा काळ दिलेला असतो. तो काळ त्या विधानसभेचा आहे, मौसींचा नाही. मौसी आल्या २००० सालच्या सुरुवातीच्या पोटनिवडणुकीत, आधीचे आमदार वारले होते म्हणून लागलेल्या, मध्य प्रदेशातल्या शहडोल जिल्ह्यातल्या सोहागपूरमधून आणि त्याही अपक्ष. (हे सोहागपूर म्हणजे होशंगाबादकडचं, आताच्या नर्मदापुरमकडचं, सोहागपूर नव्हे, लोक हमखास तिथे घोळ घालतात. शहडोलवाला मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेत यादीतूनच गेला.)

मौसींचं लहानपण वगैरे थोडक्यात, कारण त्यातलं बरंचसं ऐकीवच आहे. वडील पोलिसात मोठ्या हुद्द्यावर होते, घर लहानपणीच सुटलं, शाळा नावापुरती झाली, भाषा मात्र बऱ्याच येतात, असं सांगतात. इंग्रजांनी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात हिजड्यांचं वेगळं रजिस्टर ठेवायची सोय करून ठेवली होती आणि तिथून पुढे शंभरेक वर्षं सरकारला या माणसांची आठवण व्हायची ती बंदोबस्तापुरतीच. मतदार यादीत नाव घालायचं तर त्यानंतरही पुरुष नाहीतर स्त्री यातलं काहीतरी एक निवडावं लागायचं. 'इतर' हा पर्याय २००९ ला आला, म्हणजे मौसींची आमदारकी संपून सहा वर्षं झाल्यावर.

लोकांनी त्यांना का निवडलं याचं उत्तर फार खोल नाहीये. दोन्ही मोठ्या पक्षांवर राग होता आणि तेव्हा त्या भागात तृतीयपंथी उमेदवारांचा एक मुद्दा जोरात चालायचा, की आम्हाला ना मूल ना बाळ, मग आम्ही पैसा खायचा कुणासाठी? प्रचाराला मुद्दा भारीच, पण मला तो ऐकताना कसंतरी होतं, कारण ज्या गोष्टीमुळे घरातून बाहेर काढलं तीच इथे प्रामाणिकपणाचा दाखला म्हणून पुढे करावी लागतेय. मौसी बेकारी, भूक, भ्रष्टाचार यावर बोलायच्या, आपल्या लोकांना मिळणाऱ्या वागणुकीवर बोलायच्या. २००३ ला त्या परत निवडून आल्या नाहीत.

आता खरा गुंता. मौसी जिंकल्या त्याच सुमारास त्याच राज्यात, कटनी महापालिकेत, आणखी एक तृतीयपंथी उमेदवार थेट महापौर झाली. जागा महिलांसाठी राखीव होती. अर्ज छाननीत पास झाला, मतं पडली, खुर्ची मिळाली आणि मग कुणीतरी कोर्टात गेलं की ही बाई नाहीच. २००२ ला खालच्या कोर्टाने निकाल दिला की कायद्याच्या दृष्टीने हा पुरुष आहे, २००३ ला हायकोर्टानेही तेच उचलून धरलं आणि महापौरपद गेलं. म्हणजे माणसं त्याच समाजातली, राज्य तेच, साल जवळपास तेच, एकीला कुणी विचारलंसुद्धा नाही की तू बाई का पुरुष आणि दुसरीचं अख्खं पद त्याच प्रश्नावर गेलं. फरक एवढाच की सोहागपूरची जागा ओपन होती. विधानसभेत महिलांचं आरक्षणच नव्हतं, ते होतं फक्त पालिका-पंचायतीत, त्यामुळे मौसींच्या बाबतीत हा प्रश्न उभाच राहिला नाही. 'पहिल्या आमदार' म्हणून कौतुक करताना ही गोष्ट कुणी सांगत नाही, आणि मला तरी हीच मेन गोष्ट वाटते.

कटनीच्या निकालाला चूक म्हणायचं की नाही यावर दोन्ही बाजूंनी बोलता येतं. महिला राखीव जागा बायकांनी भांडून मिळवल्यात, त्यात कुणीही शिरायचं का, ही शंका अगदीच फालतू नाही. पण त्या माणसाला तुम्ही पुरुष म्हणून ठरवलं ते कशावरून, तर जन्माच्या वेळच्या शरीरावरून, आणि गाव तिला बाई म्हणून ओळखत होतं त्याला किंमत शून्य. मतदारांना तर सगळं माहीत असूनच त्यांनी मत दिलं होतं ना.

शब्दांनी यात अजून भर घातली. हिजडा हा शब्द शिवी झाला म्हणून हिंदी पट्ट्यात किन्नर आला, तर हिमाचलातल्या किन्नौरचे लोक म्हणाले की किन्नर तर आम्ही, आमचं नाव का घेता. आपल्याकडे तृतीयपंथी रुळला. यातलं 'तृतीय' पुढे कायद्यातच येऊन बसलं, कारण १५ एप्रिल २०१४ ला सुप्रीम कोर्टाने (अर्जदारांमध्ये मुंबईतली एक कार्यकर्तीही होती) तिसरं लिंग मान्य केलं आणि त्याच निकालात हेही म्हटलं की आपण स्त्री, पुरुष का तिसरे हे ज्याचं त्याने ठरवायचं. मग तिसरं लिंग असलेल्या माणसाने महिला राखीव जागेवर उभं राहायचं की नाही? २०१५ ला छत्तीसगडच्या रायगडमध्ये तृतीयपंथी महापौर निवडून आली, पण ती जागा अनुसूचित जातीसाठी होती, तिथे हा पेच आलाच नाही. आपल्याकडे २०१७ ला माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळला तृतीयपंथी सरपंच झाले.

पेच आला तो जळगाव जिल्ह्यातल्या भादलीत. एका तृतीयपंथी उमेदवाराने ग्रामपंचायतीच्या महिला राखीव वॉर्डात अर्ज भरला, अधिकाऱ्याने तृतीयपंथी म्हणून बाद केला, आणि २ जानेवारी २०२१ ला औरंगाबाद खंडपीठाने सांगितलं की ती स्वतःला स्त्री मानते तर अर्ज घ्या. फक्त एक कबुली घेतली, की पुढे सोयीसाठी पुरुष म्हणून उभं राहायचं नाही. ती निवडूनही आली. कटनीला जे नाकारलं होतं ते अठरा वर्षांनी एका ग्रामपंचायतीच्या वॉर्डापुरतं मिळालं, तेही हायकोर्टापर्यंत जाऊन.

मध्ये तृतीयपंथीयांच्या हक्कांबद्दलचा २०१९ चा कायदा आला, त्यात ओळखीचं प्रमाणपत्र कलेक्टर कचेरीतून घ्यायचं, म्हणजे स्वतः ठरवायचं आणि वर सहीही आणायची. आणि २०२३ ला लोकसभा-विधानसभेत महिलांसाठी एक तृतीयांश जागांची घटनादुरुस्ती पास झाली, जी जनगणना आणि पुनर्रचनेनंतर लागू व्हायची आहे. त्यात तृतीयपंथीयांबद्दल एक ओळ नाही. ती लागू झाली की मौसींसारखा उमेदवार जिथून उभा राहील ती जागा ओपन असेलच असं नाही, आणि मग कटनीतला प्रश्न थेट विधानसभेच्या उमेदवारी अर्जावर येईल.