फ्लीट कमांडर आणि सी-इन-सी: नेव्हीतली दोन पदं, कायम होणारी गल्लत

४ डिसेंबरला नेव्ही डेच्या बातम्या आल्या की ही गल्लत हमखास दिसते, वेस्टर्न फ्लीटचा कमांडर आणि वेस्टर्न नेव्हल कमांडचा प्रमुख (सी-इन-सी, म्हणजे कमांडर-इन-चीफ) म्हणजे एकच माणूस असं धरून लोक बिनधास्त लिहून मोकळे होतात. दोघंही मुंबईचे, दोघांच्या पदात 'फ्लॅग ऑफिसर कमांडिंग' येतं, त्यामुळे दोष कुणाला द्यायचा!

फ्लीट कमांडर हा रिअर अ‍ॅडमिरल, टू स्टार. त्याच्याकडे लढाऊ जहाजांचा ताफा, आणि ताफा निघाला की तो स्वतः फ्लॅगशिपवर, म्हणजे ज्या जहाजावरून ताफ्याला हुकूम सुटतात त्यावर. सी-इन-सी हा व्हाइस अ‍ॅडमिरल, थ्री स्टार, म्हणजे फ्लीट कमांडरचा बॉस. त्याचं ऑफिस जमिनीवर, आणि त्याच्या हाताखाली फ्लीट तर असतोच शिवाय डॉकयार्ड, नौदलाचे विमानतळ, किनाऱ्यावरचे तळ, सगळा पसारा. (बाहीवरच्या पट्ट्या मोजून रँक ओळखायला जाल तर फसाल, रिअर अ‍ॅडमिरलला जाड पट्टीवर एकच बारीक पट्टी असते पण स्टार दोन, त्यापेक्षा गाडीवरचे स्टार बघावेत.)

फरक नीट कळायला १९७१चं पाकिस्तानशी झालेलं युद्ध बघा, तेही पूर्वेकडचं. विशाखापट्टणमला ईस्टर्न नेव्हल कमांडचे सी-इन-सी होते व्हाइस अ‍ॅडमिरल एन. कृष्णन आणि ईस्टर्न फ्लीट होता रिअर अ‍ॅडमिरल एस. एच. शर्मांकडे. पाकिस्तानची पाणबुडी गाझी आपल्या विक्रांत या विमानवाहू जहाजाच्या मागावर होती, तेव्हा विक्रांतला गुपचूप अंदमानकडे लपवलं आणि इकडे कृष्णननी जुन्या आयएनएस राजपूतला विक्रांत असल्यासारखं वागायला लावलं, वायरलेसवर भरपूर संदेश सोडायचे म्हणजे ऐकणाऱ्याला वाटावं मोठं जहाज इथेच आहे. गाझी विशाखापट्टणमजवळ बुडाली, नेमकी कशाने यावर अजून वाद आहे. हा डाव किनाऱ्यावर बसून खेळलेला, आणि विक्रांतला घेऊन समुद्रात उतरायचं काम शर्मांचं. पश्चिमेला तसंच, मुंबईत व्हाइस अ‍ॅडमिरल एस. एन. कोहली आणि फ्लॅगशिप मैसूरवर रिअर अ‍ॅडमिरल कुरुविला. या सगळ्यांच्या वर दिल्लीत नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल नंदा.

करिअरमध्ये ही दोन पदं सहसा एकामागोमाग येतच नाहीत, मधे बरीच वर्षं आणि इतर पोस्टिंग असतात. अ‍ॅडमिरल हरिकुमार यांनी निशंक, कोरा, रणवीर, विराट अशी जहाजं सांभाळली, मग वेस्टर्न फ्लीट, मग दिल्लीत माणसांच्या बदल्या-बढत्यांचं खातं वगैरे, मग २०२१ मधे मुंबईत सी-इन-सी आणि त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला नौदलप्रमुख. सध्याच्या पिढीतले दिनेश त्रिपाठी यांनी फ्लीट सांभाळला तो ईस्टर्न, सी-इन-सी झाले ते वेस्टर्नचे, म्हणजे किनारासुद्धा तोच राहील असं नाही.

मला विचाराल तर मान सी-इन-सीला जास्त पण मजा फ्लीटमधे, कारण त्यानंतर फायली वाढतात आणि समुद्र कमी होतो. आणि हो, कोचीच्या सदर्न कमांडला सी-इन-सी आहे पण वेस्टर्न-ईस्टर्नसारखा फ्लीट नाही, तिथला मुख्य भर ट्रेनिंगवर.