ब्लूटूथ स्पीकर
मोबाइलशी तारेविना जोडला जाणारा, बॅटरीवर चालणारा आणि हातात नेता येणारा ध्वनिवर्धक. सोलापुरात तो यंत्रमागाच्या शेडमध्ये दिसतो, चहाच्या टपरीवर दिसतो आणि विड्या वळणाऱ्या बायकांच्या सुपाशेजारीही. विकत घेताना बहुतेक गिऱ्हाईक एवढेच विचारते : किती वॅटचा?

वॅट म्हणजे वीजशक्ती. आवाज मोजतात डेसिबलमध्ये. वॅट दुप्पट झाले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो आणि कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट शक्ती लागते. म्हणून ५ आणि १० वॅटमधला फरक खोक्यावर दिसतो तितका ऐकू येत नाही. ‘पीएमपीओ’चा, म्हणजे क्षणभराच्या कमाल शक्तीचा, शेकड्यांतला आकडा सरळ सोडून द्यावा. ‘आरएमएस’, म्हणजे सतत पेलवणारी शक्ती, तेवढीच खरी मानावी.

मागाच्या खडखडाटात गाण्याचे शब्द बुडतात. मग कामगार आवाज वाढवत नेतो, एका टप्प्यावर तो फाटतो : ‘स’ चिरकतो, ढोलाचा ‘धम’ नुसता ‘टप’ होतो. स्पीकरच्या लहान पडद्याला खर्ज उमटवण्याइतकी हवा हलवता येत नाही, हे त्या ‘टप’मागचे कारण. मोकळ्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने घटतो, त्यामुळे लांब कोपऱ्यातल्या मोठ्या स्पीकरपेक्षा जवळचा लहान बरा. मागावर गाणे चढवण्याचा हट्ट मात्र धरू नये. खडखडाट आधीच कानाला जाचतो, त्यात ही भर कशाला? विड्या वळायच्या शांत खोलीत ५ वॅट पुष्कळ होतात. दुकानात आपल्याला तोंडपाठ असलेले गाणे पाऊण आवाजावर लावून बघावे, यापेक्षा चांगली परीक्षा मला माहीत नाही.

जोडणीची अडचण क्वचितच येते. जुना फोन आणि नवा स्पीकर सहसा जुळतात, कारण ‘एसबीसी’ ही ध्वनिसंकेतन पद्धत, म्हणजे गाणे आटोपशीर करून पाठवण्याची रीत, दोघांतही असतेच. ‘एएसी’, ‘एलडॅक’ या दुसऱ्या पद्धतींचा फायदा मात्र दोन्ही उपकरणांत ती सोय असेल तरच. ब्लूटूथ ५ लिहिले आहे म्हणून आवाज गोड होत नाही. पल्ला साधारण १० मीटर. मध्ये भिंत किंवा माणूस आला की गाणे अडखळते. चित्रपट बघताना ओठ आणि शब्द थोडे मागेपुढे होतात, तो बिघाड नव्हे.

बॅटरीचा हिशेब सोपा आहे. ३.७ व्होल्टची २००० एमएएच बॅटरी म्हणजे ७.४ वॅट-तास, सतत ५ वॅट खेचले तर दीड तासही पुरत नाही. खोक्यावरचे तास मध्यम आवाजाचे असतात. लिथियम बॅटरी साधारणपणे ४५ अंशांच्या आत चार्ज करायची असते. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४० च्या वर जातो आणि पत्र्याच्या शेडमध्ये उकाडा त्याहून जास्त. तिथे दुपारी चार्जिंगला लावलेला स्पीकर हाताला चटका देईल इतका तापला, तर काढून सावलीत ठेवावा आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर पुन्हा लावावा.