हा आकडा नेमका कोणाचा?

मोठ्या लोकसंख्येतल्या प्रौढांची सरासरी उंची १६५ सेंटिमीटर आहे, प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत त्याचं माप) ८ सेंटिमीटर आहे आणि उंचीचं वितरण प्रसामान्य, म्हणजे घंटेच्या आकाराचं आहे, असं समजा. आता दोन प्रश्न. यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या एका माणसाची उंची १६९ सेंटिमीटरहून जास्त असण्याची संभाव्यता किती? आणि याच पद्धतीने निवडलेल्या १६ माणसांची सरासरी उंची १६९ हून जास्त असण्याची संभाव्यता किती?

दोन्ही प्रश्नांत १६५, ८ आणि १६९ हेच आकडे आहेत. तरी पहिल्याचं उत्तर ०.३०८५ येतं, म्हणजे शंभरात जवळजवळ एकतीस. दुसऱ्याचं येतं ०.०२२८, म्हणजे शंभरात जेमतेम दोन. कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या संख्याशास्त्रात मुलं अडतात ती बेरीज-गुणाकारात क्वचितच. प्रश्नातला आकडा एका माणसाचा आहे, नमुन्याचा (निवडलेल्या मोजक्यांचा) आहे की संपूर्ण समष्टीचा (ज्यांच्याविषयी बोलतोय त्या सगळ्यांचा), हे ठरवण्याआधीच सूत्राकडे हात जातो आणि घोळ तिथे सुरू होतो, असं माझं ठाम मत आहे. म्हणून कोणतंही उदाहरण सोडवायला घेताना प्रत्येक आकड्यावर बोट ठेवून एकच विचारावं: हा कोणाचा?

वरचं उदाहरण असं सोडवून पाहू. पहिल्या प्रश्नात १६९ ही एका माणसाची उंची आहे. ती सरासरीपेक्षा ४ सेंटिमीटर जास्त आहे आणि एकेकट्या माणसाच्या उंचीचं प्रमाण विचलन ८, म्हणून झेडचं मूल्य (सरासरीपासूनचं अंतर किती प्रमाण विचलनांइतकं आहे ते) ४ भागिले ८, म्हणजे ०.५. दुसऱ्या प्रश्नात १६९ ही १६ जणांची सरासरी आहे, आणि सरासरी एकेकट्या माणसाइतकी हेलकावत नाही. उंच माणसं आणि बुटकी माणसं एकाच नमुन्यात येतात, एकमेकांना सावरून घेतात. किती सावरतात? माणसं एकमेकांशी संबंध न ठेवता निवडली असतील तर त्यांच्या उंचीची प्रचरणं (प्रमाण विचलनाचे वर्ग) सरळ बेरजेने वाढतात. एकाचं प्रचरण ६४, तर १६ जणांच्या बेरजेचं १६ गुणिले ६४. सरासरीसाठी बेरजेला १६ ने भागतो, तेव्हा प्रचरण १६ च्या वर्गाने भागलं जातं. उरतं ६४ भागिले १६, म्हणजे ४. त्याचं वर्गमूळ २. सरासरीच्या या प्रमाण विचलनाला प्रमाण त्रुटी म्हणतात. आता झेड झाला ४ भागिले २, म्हणजे २, आणि संभाव्यता एकदम खाली आली.

वर्गमूळ इथे शिरतं ते असं, आणि त्याचा परिणाम मोठा आहे. प्रमाण त्रुटी निम्मी करायची तर नमुना चौपट घ्यावा लागतो. दहापट अचूकता हवी असेल तर शंभरपट माणसं मोजावी लागतात.

झेडवरून संभाव्यता काढायच्या तक्त्याबद्दलही इथे सांगायला हवं, कारण त्यात हकनाक गुण जातात. झेड ०.५ साठी काही तक्ते ०.६९१५ देतात, काही ०.१९१५. दोन्ही बरोबर आहेत. पहिला तक्ता डाव्या टोकापासूनचं क्षेत्रफळ देतो, दुसरा मधल्या रेषेपासूनचं. म्हणून तक्ता उघडण्यापूर्वी घंटेच्या आकाराचा वक्र काढावा, हवा तो भाग छायांकित करावा आणि तो निम्म्याहून जास्त आहे की कमी, ते नुसत्या डोळ्यांनी ठरवावं. हातच्या आकृतीत छोटंसं शेपूट दिसत असताना उत्तर ०.६९ येत असेल, तर चूक कुठे झाली हे लगेच कळतं.

चिन्हांमध्येही हाच भेद सांभाळलेला असतो. म्यू (सरासरी) आणि सिग्मा (प्रमाण विचलन) ही ग्रीक अक्षरं समष्टीसाठी, एक्स-बार (सरासरी) आणि एस (प्रमाण विचलन) ही नमुन्यासाठी. म्यू ठरलेला असतो, फक्त आपल्याला तो ठाऊक नसतो. एक्स-बार आपल्या हातात असतो, पण दुसरा नमुना घेतला की तो बदलतो. संख्याशास्त्राचा जो भाग नमुन्यावरून निष्कर्ष काढतो, तो सगळा या दोघांमधल्या अंतराविषयी आहे.

आता अभ्यासक्रमातल्या अशा एका गोष्टीकडे येऊ, जी बहुतेक वेळा नुसती पाठ करायला लावली जाते: नमुन्याचं प्रचरण काढताना एनऐवजी (एन म्हणजे नमुन्यातल्या आकड्यांची संख्या) एन वजा १ ने का भागायचं? मला हा प्रश्न फार आवडतो. त्याचं पूर्ण उत्तर दोन चिठ्ठ्यांवर मिळतं.

एका डब्यात दोनच चिठ्ठ्या आहेत, एकीवर ० आणि दुसरीवर २. ही आपली पूर्ण समष्टी. तिची सरासरी १. दोन्ही चिठ्ठ्या सरासरीपासून १ अंतरावर आहेत, म्हणून प्रचरणही १. आता चिठ्ठी काढून, परत ठेवून, दोनचा नमुना घ्यायचा. शक्यता चारच आणि चारही समान: ०-०, ०-२, २-० आणि २-२. प्रत्येक नमुन्याची स्वतःची सरासरी काढा आणि तिच्यापासूनच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज करा. ती अनुक्रमे ०, २, २, ० येते. एनने, म्हणजे २ ने भागलं तर ०, १, १, ०, आणि या चारांची सरासरी ०.५. खरं प्रचरण तर १ आहे! एन वजा १ ने, म्हणजे १ ने भागलं तर ०, २, २, ०, आणि सरासरी बरोबर १.

असं होतं, कारण अंतरं मोजताना आपण समष्टीची खरी सरासरी वापरलेलीच नाही. ती ठाऊक नव्हती, म्हणून नमुन्याची सरासरी घेतली, आणि ती त्या नमुन्यातल्या आकड्यांच्या शक्य तितकी जवळ असते. ०-० या नमुन्याला स्वतःची सरासरी ० मिळते आणि त्याला वाटतं की जगात काही फरकच नाही. म्हणून एनने भागलेलं प्रचरण सरासरीने नेहमी कमी पडतं. एन वजा १ ती तूट भरून काढतं. दुसऱ्या बाजूने पाहिलं तर, सरासरीपासूनच्या अंतरांची बेरीज नेहमी शून्य असते. म्हणून एक सोडून बाकीची अंतरं कळली की शेवटचं आपोआप ठरतं. मोकळे आकडे एन नाहीत, एन वजा १ आहेत. यालाच डिग्रीज ऑफ फ्रीडम म्हणतात. हातात संपूर्ण समष्टीच असेल, तर मात्र एननेच भागायचं.

सशर्त संभाव्यतेच्या (एक गोष्ट घडली आहे हे धरून दुसरीची संभाव्यता) उदाहरणांत प्रश्न थोडा वेगळ्या रूपात येतो: ही टक्केवारी कोणांपैकी? समजा, एक आजार १ टक्का लोकांना आहे. चाचणी आजार असलेल्या ९० टक्के लोकांना पकडते, पण आजार नसलेल्या १० टक्के लोकांनाही पॉझिटिव्ह दाखवते. चाचणी पॉझिटिव्ह आलेल्या माणसाला आजार असण्याची संभाव्यता किती? मनात पटकन ९० टक्के येतं. पण तो आकडा आजारी असलेल्यांपैकीचा आहे, आणि विचारलंय पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी.

सशर्त संभाव्यता उलटवून देणारं बेजचं सूत्र वापरून हे सुटतं, पण मी आधी माणसं मोजायला सांगेन. १००० माणसं घ्या. त्यांतले १० आजारी, त्यांपैकी ९ पॉझिटिव्ह. उरलेले ९९० निरोगी, त्यांपैकी ९९ पॉझिटिव्ह. एकूण पॉझिटिव्ह १०८, त्यांत आजारी ९. उत्तर बारात एक, म्हणजे सुमारे ८.३ टक्के. गेर्ड गिगेरेन्झर आणि उलरिश हॉफ्राग या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये दाखवून दिलं की हीच माहिती टक्क्यांऐवजी माणसांच्या संख्येत मांडली तर बरोबर उत्तर देणाऱ्यांचं प्रमाण लक्षणीय वाढतं. परीक्षेत सूत्र लिहावंच लागेल, पण कोपऱ्यात ही चार खणांची सारणी (आजारी-निरोगी, पॉझिटिव्ह-निगेटिव्ह) काढून ठेवली की भाजक चुकत नाही.

परिकल्पना चाचणीत एखादा दावा आकड्यांवर तपासतात, आणि दाव्यात तथ्य नाही असं धरलं तर असा निकाल नुसत्या योगायोगाने येण्याची संभाव्यता म्हणजे पी-मूल्य. त्याचा सगळा गोंधळ याच जातीचा आहे. ते समजून घ्यायला संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३५ च्या पुस्तकात मांडलेला चहाचा प्रयोग अजूनही सर्वांत चांगला वाटतो, कारण त्यात कोणताही तक्ता लागत नाही, नुसतं मोजायचं असतं. एका बाईंचं म्हणणं होतं की कपात दूध आधी ओतलं की चहा आधी, हे त्यांना चवीवरून ओळखता येतं. आठ कप तयार करायचे, चारांत दूध आधी, चारांत चहा आधी, आणि कोणत्याही क्रमाने पुढे ठेवायचे. चार-चार आहेत हे बाईंना माहीत आहे. त्यांनी दूध आधीचे चार कप निवडायचे.

शून्य परिकल्पना अशी की बाईंना काहीही ओळखता येत नाही, त्या अंदाजाने निवडतात. आठांतून चार निवडण्याचे प्रकार ७०. चारही बरोबर येण्याचा प्रकार एकच. म्हणून सगळे कप ओळखले तर पी-मूल्य ७० पैकी १, म्हणजे ०.०१४. निव्वळ अंदाजाने असं घडणं बरंच दुर्मीळ आहे.

आता समजा, निवडलेल्या चारांपैकी तीन बरोबर आले. म्हणजे आठांपैकी सहा कप बरोबर ओळखले गेले. ऐकायला चांगलं वाटतं. पण असे प्रकार आहेत ४ (बरोबर तीन निवडण्याचे) गुणिले ४ (चुकीचा एक निवडण्याचे), म्हणजे १६. त्यात सगळे बरोबर येण्याचा एक प्रकारही मिळवायचा, कारण पी-मूल्यात मिळालेला निकाल आणि त्याहून टोकाचे निकाल असे सगळे धरतात. १७ भागिले ७० म्हणजे ०.२४३. नुसत्या अंदाजानेही चारात एकदा इतकं साधतं. बाईंचा दावा खोटा ठरला का? नाही. एवढ्या पुराव्यावर शून्य परिकल्पना नाकारता येत नाही, इतकंच. म्हणून उत्तरपत्रिकेत 'शून्य परिकल्पना स्वीकारली' असं न लिहिता 'नाकारण्याइतका पुरावा नाही' असं लिहावं.

आणि ०.०१४ म्हणजे बाई अंदाजाने निवडत असण्याची संभाव्यता १.४ टक्के, असा अर्थ काढू नये. हे गणित बाई अंदाजानेच निवडत आहेत असं धरून केलेलं आहे. जे गृहीत धरलं, त्याचीच संभाव्यता त्यातून निघणार नाही. 'पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी आजारी' आणि 'आजारी असलेल्यांपैकी पॉझिटिव्ह' यांत जी अदलाबदल होते, तीच इथे होते. हा गैरसमज इतका पसरला की अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनला २०१६ मध्ये त्यावर जाहीर निवेदन काढावं लागलं. पी-मूल्य पाच टक्क्यांखाली असलं तर शून्य परिकल्पना नाकारायची, ही प्रसिद्ध मर्यादाही निसर्गनियम नाही. फिशर यांनी १९२५ मध्ये ती सोयीची म्हणून सुचवली होती.

कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे म्यू ज्यात असावा असा नमुन्यावरून काढलेला पल्ला, थोडक्यात. इथे तो ९५ टक्क्यांचा काढू. प्रसामान्य समष्टीतून घेतलेला २५ चा नमुना, त्याची सरासरी ५२, एस १०. प्रमाण त्रुटी १० भागिले ५, म्हणजे २. पण हे १० नमुन्याचे आहेत, समष्टीचे नव्हेत, आणि लहान नमुन्यात एस स्वतःच डळमळीत असतो. या अडचणीवर उपाय विल्यम गॉसेट यांनी शोधला. ते डब्लिनला गिनेस कंपनीच्या बिअर कारखान्यात काम करत आणि तिथे नमुने लहानच असत. कंपनीच्या नियमांमुळे १९०८ चा तो निबंध त्यांनी 'स्टुडंट' या टोपणनावाने छापला. म्हणून त्यांचं टी-वितरण आजही स्टुडंटचं म्हणून ओळखलं जातं. आपल्या उदाहरणात डिग्रीज ऑफ फ्रीडम २४, त्यासाठी प्रमाण त्रुटीला प्रसामान्य वितरणाच्या १.९६ ऐवजी २.०६४ ने गुणायचं आणि ते सरासरीतून वजा व अधिक करायचं. इंटरव्हल येतो ४७.८७ ते ५६.१३. नमुना पाचाचाच असता तर २.७७६ घ्यावे लागले असते. इथले ९५ टक्के या एका इंटरव्हलचे नसून पद्धतीचे आहेत: असेच नमुने पुन्हा पुन्हा घेऊन प्रत्येकातून इंटरव्हल काढत गेलो, तर त्यांतले ९५ टक्के म्यूला कवेत घेतील.

उत्तर आलं की काही गोष्टी दोन मिनिटांत तपासता येतात. सरासरी सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या आकड्यांच्या मध्येच हवी. प्रमाण विचलन ऋण येत नाही, आणि शून्य आलं तर सगळे आकडे सारखे असले पाहिजेत. संभाव्यता १ च्या वर गेली तर पुन्हा सुरुवात.

सहसंबंधाच्या, म्हणजे दोन गोष्टी एकमेकींबरोबर किती बदलतात ते मोजण्याच्या, उदाहरणात मात्र एवढं पुरत नाही, तिथे आलेख काढावाच लागतो. संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अ‍ॅन्स्कोम्ब यांनी १९७३ मध्ये अकरा-अकरा बिंदूंचे चार संच तयार केले. चारही संचांत एक्सची सरासरी ९, वायची ७.५, सहसंबंध गुणांक ०.८२ च्या आसपास आणि प्रतिगमनाची रेषाही (बिंदूंना सर्वांत चांगली जुळणारी सरळ रेषा) जवळजवळ तीच: वाय बरोबर ३ अधिक ०.५ एक्स. कागदावर काढल्यावर पहिला संच रेषेभोवती विखुरलेला दिसतो, दुसरा सुबक वक्र निघतो, तिसरा एक बिंदू सोडला तर जवळजवळ अचूक सरळ रेषा. चौथ्यात दहा बिंदूंचा एक्स ८ आहे आणि अकराव्याचा १९. तिथली रेषा आणि तो भरभक्कम गुणांक हे दोन्ही त्या अकराव्या बिंदूमुळेच उभे आहेत. तो काढला तर एक्सची सगळी मूल्यं ८ उरतात, त्यांचं प्रमाण विचलन शून्य होतं आणि सहसंबंधाच्या सूत्रात भाजकच शून्य येतो.