नावात एक अक्षर वाढलं आणि प्रोग्रॅम हळू झाला

परवा ऑफिसच्या ग्रुपवर एकाने स्क्रीनशॉट टाकला, "नवीन फंक्शन 7 टक्के फास्ट!" लगेच टाळ्या, इमोजी, कोणीतरी वडापावची पार्टीपण मागितली. मी विचारलं किती वेळा रन केलंस, तर म्हणे एकदाच, माझ्याच लॅपटॉपवर. म्हटलं आता हे नीट लिहूनच काढतो.

आधी टेस्ट, ते सोपंय. प्रोग्रॅम बरोबर चालतो का हे बघायला जो दुसरा छोटा प्रोग्रॅम लिहितात ती टेस्ट. 2005 मध्ये रूबी भाषेत आरस्पेक नावाचं टूल आलं, त्यात टेस्ट अशी लिहितात की वाचताना नियमच वाचतोय असं वाटावं. लीप वर्षाचं घ्या: 4 ने भाग जातो, तर लीप असावं. 100 ने जातो, तर नसावं. 400 ने जातो, तर मात्र असावंच. प्रत्येक ओळीखाली एकेक साल, 2024, 1900, 2000. उद्या कोणी कोडमध्ये हात घातला आणि 1900 लीप झालं की मधली ओळ लाल, म्हणजे नापास. आता गंमत बघा, एक्सेलमध्ये आजही 29 फेब्रुवारी 1900 ही तारीख चालते, कारण लोटस 1-2-3 या जुन्या स्प्रेडशीट प्रोग्रॅममधली चूक एक्सेलवाल्यांनी मुद्दाम तशीच घेतली, जुन्या शीट चालायला हव्यात म्हणून. तिथे हीच टेस्ट उलटी लिहावी लागेल. चूक कुठली आणि ठरवून केलेलं कुठलं, नुसत्या कोडवरून कळत नाही.

टेस्ट हो किंवा नाही सांगते. बेंचमार्क किती वेळ लागला ते सांगतो, आणि तो लबाड असतो.

2009 मध्ये चार संशोधकांनी एक पेपर लिहिला. कोडला हातच लावला नाही, फक्त एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सची साईज बदलली, तरी स्पीड बदलला! युनिक्स जातीच्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये प्रत्येक प्रोग्रॅमला सुरू होताना या व्हेरिएबल्सचं एक गाठोडं मिळतं, त्यात तुमचं युजरनेम, होम फोल्डरचा आणि चालू फोल्डरचा पत्ता वगैरे. हे गाठोडं मेमरीत वरच्या टोकाला ठेवतात आणि त्याच्या खालून स्टॅक सुरू होतो, म्हणजे फंक्शनचे तात्पुरते आकडे (लोकल व्हेरिएबल्स) ठेवायची जागा. गाठोडं जाड झालं की स्टॅक खाली सरकतो, म्हणजे तुमच्या सगळ्या लोकल व्हेरिएबल्सचे पत्ते बदलले. त्याने काय होतं? प्रोसेसर मेमरीतून एकेक बाईट आणत नाही, बहुतेक लॅपटॉपांत 64 बाईटचा डबाच्या डबा आणतो. 8 बाईटचा आकडा दोन डब्यांच्या सांध्यावर पडला तर दोन डबे आणा. शिवाय इंटेलच्या चिपवर एका पत्त्यावर लिहून लगेच दुसऱ्या पत्त्यावरून वाचलं आणि दोन्ही पत्त्यांचे शेवटचे 12 बिट सारखे निघाले, तर प्रोसेसरला आधी वाटतं की जागा एकच आहे, मग तो उगाच थांबतो आणि ते वाचणं पुन्हा करतो. (इथे डोकं गरगरलं तर सोडून द्या, मीपण हे तीनदा वाचलं.)

थोडक्यात, युजरनेम लांब असेल तर प्रोग्रॅमचा वेग बदलू शकतो. नावात जादा "ए" घालून नशीब बदलणाऱ्या अंकशास्त्रवाल्यांनी लगेच खूश होऊ नये, इथे कारण दाखवता येतं, आणि त्या "ए"ने प्रोग्रॅम हळूही होऊ शकतो.

उपाय काय, तर मुद्दाम पत्ते पिसायचे. 2013 मध्ये स्टॅबिलायझर नावाचं टूल आलं, ते प्रोग्रॅम चालू असतानाच कोड, स्टॅक, हीप (लागेल तशी मागून घ्यायची मेमरी) सगळ्याची जागा पुन्हापुन्हा बदलतं, म्हणजे जागेचं नशीब सरासरीत धुऊन निघतं. ते बनवणाऱ्यांनी कंपायलरची (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमची) ओ-टू आणि त्याहून जास्त वेगासाठीची ओ-थ्री ही दोन सेटिंग अशी मोजली, तर ओ-थ्रीचा जादा फायदा मोजणीतल्या गोंगाटापासून वेगळा काढता आला नाही. लोक मात्र वर्षानुवर्षं ओ-थ्री लावून मिशीला पीळ देतायत.

आमच्या ग्रुपवाल्याला मी तेच फंक्शन वेगवेगळ्या लांबीच्या नावांच्या फोल्डरमधून तीस-तीस वेळा चालवायला लावलं. काही फोल्डरमध्ये फास्ट, काहींमध्ये जुनंच फंक्शन पुढे. वडापाव आम्ही आधीच खाल्ले होते.